टोकिओ ते लॉस एंजेलिस : निघण्याआधी पोहोचण्याचा हिशेब

जानेवारीत टोकिओहून लॉस एंजेलिसला जायचे ठरले, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी अंतराचा आणि वेळेचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा, असे मनात आले. पहिली अडचण नकाशानेच आणली. भिंतीवरच्या नकाशात टोकिओ उजव्या कडेला आणि लॉस एंजेलिस डावीकडे असल्यामुळे मधल्या पॅसिफिक महासागराचे दोन तुकडे झाले होते. दोन्ही शहरे ३५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, म्हणून त्याच अक्षांशावरून सरळ पूर्वेकडे मोजत गेलो आणि उत्तर आले सुमारे ९,३०० किलोमीटर.

मग ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. पस्तिसाव्या अंशावर बोटाने दाबून धरलेला दोरा बोट उचलताच उत्तरेकडे सरकला आणि अल्यूशियन बेटांच्या थोडा खालून गेला. त्याची लांबी पावणेएकवीस सेंटिमीटर भरली. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. म्हणजेच खरे अंतर ८,८०० किलोमीटरच्या घरात होते. नकाशाच्या भरवशावर मी जवळजवळ ५०० किलोमीटर जास्तीचे धरले होते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर या अंतराला पावणेदहा तास लागायला हवेत. वेळापत्रकात मात्र जाण्याला सुमारे दहा आणि येण्याला सुमारे बारा तास होते. दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाहाचे वारे हिवाळ्यात जपानवर विशेष जोरात असतात. ते जाताना विमानाला पुढे ढकलतात आणि येताना समोरून अडवतात. वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी १०० किलोमीटर मानला, तर हवेतला वेळ एका बाजूने पावणेनऊ आणि दुसऱ्या बाजूने अकरा तास येतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे धरले की वेळापत्रकाचा मेळ बसतो.

खरी फजिती तारखेने केली. हिवाळ्यात लॉस एंजेलिस टोकिओच्या १७ तास मागे असते. (उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात आणि जपानमधली जात नाहीत, म्हणून हा फरक १६ तासांचा होतो.) संध्याकाळी पाचला निघालेले विमान टोकिओच्या घड्याळाने पहाटे तीनला पोहोचते; त्यातून १७ तास वजा केले की त्याच दिवशीचे सकाळचे दहा वाजतात, म्हणजे निघण्याच्या सात तास आधी! मी मात्र अंगवळणी पडल्याप्रमाणे पोहोचण्यासाठी दुसऱ्या दिवसाची तारीख लिहून ठेवली होती. ती खोडली, तेव्हा परतीचा हिशेबही पुन्हा तपासला. शुक्रवारी सकाळी अकराला निघून बारा तासांनी पोहोचल्यावर टोकिओत शनिवारची दुपार, चार वाजलेले असणार होते आणि माझी तिथली बैठक शनिवारी सकाळी ठरलेली होती. ती सोमवारवर ढकलली आणि मगच तिकीट काढले.