सात पॉइंटातला बोडोनी

एका सराफी पेढीच्या नव्या दालनाची निमंत्रणपत्रिका आमच्या पुण्यातल्या प्रेसवर छपाईला आली होती. फाइल बाहेरून तयार होऊन आलेली. मी प्रीप्रेसला, ती तपासून प्लेटला पाठवायचं काम माझं. गडद मरून जमिनीवर पांढरी इंग्रजी अक्षरं, फाँट बोडोनी. पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप; पेढीचं नाव 72 पॉइंटात होतं, आणि काय देखणं! उभी रेघ ठसठशीत, तिच्या टोकाला केसासारखी बारीक सेरिफ, म्हणजे छोटी आडवी रेघ. दागिन्यांच्या पेढीला याहून शोभेल असं अक्षर मला सुचत नाही.

पत्ताही त्याच अक्षरात होता, 7 पॉइंटात. नावात जी बारीक रेघ अर्ध्या मिलिमीटरची, ती तिथे 0.05 मिलिमीटरवर आलेली. शिवाय तो मरून चार शायांचा. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, आणि चारही प्लेटांवर ती पांढरी फट अचूक एकावर एक बसायला हवी. एक प्लेट 0.1 मिलिमीटर सरकली तरी शाई फट बुजवते. मी हे कळवलं. उत्तर आलं, पास झालंय, छापा.

पहिली शीटं निघाली आणि मशीनमन काकांनी हाक मारली. ‘‘दादा, भिंग लावून बघा. सगळ्या ‘ई’चे ‘सी’ झालेत.’’ खरंच, ‘ई’ची आडवी रेघ शाईने गिळली होती. खालच्या मराठी ओळीचे हाल तर बघवत नव्हते. बोडोनीला जुळावी म्हणून शिरोरेषाही तितकीच बारीक केलेली. आमची अक्षरं त्या रेषेला लटकलेली असतात. तीच तुटली की शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीवर केलेली ही जबरदस्ती मला अजिबात पटत नाही.

मशीन थांबवून पेढीच्या मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. ‘‘मग नावाचं अक्षरही बदलायचं का हो?’’

‘‘नाही काकू, नावाला हात लावायचा नाही.’’

त्यांना म्हटलं, इटलीतल्या पार्म्यात हे अक्षर घडवणारा जांबात्तिस्ता बोडोनी छपाईचे खिळे पाडायचा तेव्हा प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरलेला असे. मोठं अक्षर नुसतं आक्रसून लहान करायची सोयच नव्हती. त्याच्या पत्नीने 1818 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, त्याच्या अक्षरांचा दोन खंडी नमुनाग्रंथ छापून आणला; त्यात एकेक अक्षर लहानमोठ्या आकारांत ओळीने मांडलेलं आहे. आयटीसी या फाँट काढणाऱ्या कंपनीने 1994 मध्ये बोडोनी नव्याने काढला तेव्हाही 6, 12 आणि 72 पॉइंटासाठी तीन वेगळी रेखाटनं केली. पत्त्याला त्यातला सहाचा घ्यायचा: तोच घाट, पण बारीक रेघ अंगाने भरलेली.

काकूंना पटलं. चार रंगांऐवजी मरूनची एकच तयार स्पेशल शाई घेतली, म्हणजे रजिस्टरचा, प्लेटा एकावर एक बसवण्याचा, प्रश्नच उरला नाही. मराठी ओळीला भरदार शिरोरेषेचा फाँट लावून ती दोन पॉइंट वाढवली. संध्याकाळी नवी प्लेट चढली. काकूंनी भिंग बाजूला सारून नुसत्या चष्म्याने पिनकोडपर्यंत पत्ता वाचला आणि शीटवर सही केली.