लेफ्टनंट स्टीफन स्वेल्स

स्टीफन स्वेल्स यांचे चरित्र वाचताना माझे मन १८६४ या एका वर्षापाशी अडखळते. १८३२ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेले हे कृष्णवर्णीय सैनिक अमेरिकन यादवी युद्धात ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय सैनिकांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि १८६४ मध्ये फ्लोरिडातील ओलस्टीच्या लढाईत जबर जखमी झाले. त्यांचे शौर्य पाहून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्यांना सेकंड लेफ्टनंट नेमले. परंतु केवळ आफ्रिकी वंशाचे म्हणून युद्धखात्याने ती नेमणूक महिनोन्‌महिने अडवून धरली. त्याच काळात गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, तर कृष्णवर्णीयांना १० डॉलर देऊन त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात, आणि हे अपमानास्पद वेतन संपूर्ण रेजिमेंटने नाकारले होते. हा निग्रह मला रणांगणावरील धैर्याइतकाच मोठा वाटतो. अखेर जानेवारी १८६५ मध्ये त्यांचे अधिकारीपद मान्य झाले.

युद्धानंतर ते साउथ कॅरोलायनातील किंग्सट्री येथे स्थायिक झाले, १८६८ पासून दहा वर्षे राज्याच्या सिनेटमध्ये निवडून येत राहिले आणि तेथे हंगामी अध्यक्षही झाले. १८७८ मध्ये मात्र गोऱ्या जमावाने जिवाची धमकी देऊन त्यांना राजकारणातून हुसकावून लावले. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.