चौथी सही

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे मुंबईत एकाही घराच्या दस्ताची नोंदणी झाली नव्हती, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती संख्या एकोणीस हजारांच्या पुढे गेली. या दोन टोकांच्या मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा २६ ऑगस्टचा निर्णय होता. मुंबईत पाच टक्के असलेले मुद्रांक शुल्क १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत दोन टक्के आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत तीन टक्के असे ठरले. ज्या बाजारात कोणाला कशाचीच खात्री नव्हती, त्या बाजाराला या निर्णयाने निदान एक तारीख दिली, आणि लोक त्या तारखेला धरून निर्णय घेऊ लागले.

मी मुलुंड पूर्वेत जुन्या सदनिकांच्या पुनर्विक्रीची कामे करते. दर ठरवायला आमच्याजवळ एकच खात्रीचे साधन असते, ते म्हणजे त्याच गल्लीत अलीकडे झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या प्रती, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सरकारी उतारे, ज्यांना सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्या वर्षी ते साधनच नाहीसे झाले होते, कारण मधले काही महिने व्यवहारच झाले नव्हते. विकणारे मागच्या वर्षीचा दर धरून बसलेले होते आणि घेणारे पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या मंदीचा दर आजच मागत होते. दोघांच्याही बाजूने बोलावे असे बरेच काही होते आणि दोघांनाही सिद्ध करता येईल असे काहीच नव्हते.

नोव्हेंबरात एक वहिनी आपला वन बीएचके विकायचा म्हणून माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये करोनाने गेले होते. मुलाची हॉटेलातली नोकरी सुटली होती, मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. मुलुंडचे घर विकून डोंबिवलीत लहानसे तयार घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर निभवावे असा त्यांचा विचार होता. त्यांचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो तोच होता, की आत्ता विकावे की भाव सुधारेपर्यंत थांबावे. भाव कुठे जाईल हे मी सांगू शकत नव्हते, आणि सांगणाऱ्यांवर त्यांनी विश्वास ठेवू नये असे माझे मत होते. मात्र हिशेब मांडता येत होता. मुलुंडचे घर ८८ लाखांना जाईल आणि डोंबिवलीचे ४६ लाखांना मिळेल असे धरले, आणि दोन्हीकडचे दर दहा टक्क्यांनी पडले असे मानले, तर एकीकडे ८ लाख ८० हजार जातात आणि दुसरीकडे ४ लाख ६० हजार वाचतात. एकाच बाजारात विकून तिथेच घेणाऱ्याला पूर्ण दराची नव्हे, दोन घरांमधल्या फरकाची चिंता करायची असते. खरा धोका आज विकून वर्षभर पैसे हातात धरून बसण्याचा होता, आणि तो त्यांनी घेऊ नये असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

घर घेणारे जोडपे लवकर मिळाले. तो एका खाजगी कंपनीत होता आणि कांजूरमार्गच्या भाड्याच्या एका खोलीत बसून घरून काम करत होता. ती रुग्णालयात परिचारिका होती. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवर आणल्यापासून गृहकर्जाचे व्याज सात टक्क्यांच्या आसपास आले होते, त्यामुळे ६५ लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता महिना सुमारे ५० हजारांत बसत होता. त्याला पगार कापला जाण्याची भीती होती आणि तिला घरमालक कधीही खोली सोडायला सांगेल याची. शेवटी तिच्या भीतीचे पारडे जड झाले आणि व्यवहार ८८ लाखांवर ठरला. डिसेंबरात दस्त झाला तर शुल्क १ लाख ७६ हजार, जानेवारीत झाला तर २ लाख ६४ हजार. मधला फरक ८८ हजारांचा होता.

पहिल्याच भेटीत मी वहिनींना विचारले होते की सासूबाई हयात आहेत का. आहेत, धाकट्या दिरांकडे कळव्याला असतात, पण त्यांचा या घराशी काय संबंध, असे त्या म्हणाल्या. घर यजमानांच्या एकट्याच्या नावावर होते, सोसायटीत नामनिर्देशन वहिनींचे होते, आणि नामनिर्देशन म्हणजे मालकी अशी त्यांची समजूत होती. ही समजूत इतकी सर्वत्र आहे की मला त्यांचे नवल वाटले नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ ब-१३ प्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती वारस नोंदले जाईपर्यंत केवळ तात्पुरता सभासद असते. आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत १९५६ च्या कायद्याने पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने आईही येते. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चौघे, प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश. म्हणजे ज्या आजींना त्या मुलुंडच्या घरात कोणी मोजतच नव्हते, त्यांचे त्यात २२ लाख रुपये होते.

पुढचा महिना दोन घरांमधल्या फोनांवर गेला. दिरांची बाजू ऐकल्यावर ती मला खोटी वाटली नाही. भावाच्या दवाखान्याच्या बिलात त्यांनी तीन लाख भरले होते आणि त्याबद्दल नंतर कोणी शब्दही काढला नव्हता. आईचा हिस्सा ही त्यांच्या हाती असलेली एकमेव गोष्ट होती. वहिनींना वाटत होते की ते पूर्ण २२ लाख मागतील. नातेवाइकांनी मध्यस्थी केल्यावर आजी हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा सुनेला सोडतील असे कसेबसे ठरले. पण त्यांची तब्येत बिघडली, भेट पुढे जात राहिली आणि अखेर ३१ डिसेंबरचा गुरुवार उजाडला.

मुद्रांक शुल्काचे ई-चलन आदल्या संध्याकाळीच भरून ठेवले होते. त्या महिन्यात नोंदणी कार्यालयांसमोरच्या रांगा पाहता एक गोष्ट मोठी दिलासा देणारी होती. शुल्क भरून दस्तावर ३१ डिसेंबरपर्यंत सह्या झाल्या, तर नोंदणीसाठी तो पुढच्या चार महिन्यांत केव्हाही हजर करता येत होता. त्यामुळे आजींना त्या दिवशी कार्यालयात नेण्याची गरज नव्हती. सगळ्यांच्या सह्या मात्र त्याच दिवशी हव्या होत्या. लोकल अजून सर्वांसाठी सुरू झाली नव्हती, पण महिलांना अकरा ते तीन या वेळेत परवानगी होती, म्हणून मी, वहिनी आणि आदल्या दिवशी नाशिकहून आलेली त्यांची मुलगी अकरानंतरच्या गाडीने कळव्याला उतरलो. वकील, वहिनींचा मुलगा आणि घर घेणारा तरुण गाडीने पूल ओलांडून आले.

आजींचे वय ऐंशीच्या पुढचे होते. ऐकू थोडे कमी यायचे, समज अगदी तल्लख होती. वकिलांनी हक्कसोडपत्र पुढे ठेवले आणि सही कुठे करायची ते दाखवले. मी त्यांना थांबवले आणि म्हणाले की आधी हे आजींना पूर्ण वाचून दाखवा. त्या हंगामात घाईने घेतलेल्या, कोऱ्या पानांवर घेतलेल्या सह्या मी पाहिल्या होत्या, आणि त्या पद्धतीने झालेल्या व्यवहारात मी माझे नाव येऊ देत नाही. वकील भले गृहस्थ होते. त्यांनी एकेक परिच्छेद मोठ्याने आणि सोप्या भाषेत सांगितला. आजींनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ह्यात माझं किती निघतं?"

कोणी बोलेना. दीर भिंतीकडे पाहू लागले, वहिनींनी पदर तोंडाला लावला. उत्तर द्यायला सगळ्यात कमी अडचण माझी होती, म्हणून मी म्हणाले, "आजी, बावीस लाख. ह्यावर सही केली की तो हक्क तुम्ही सोडला असं होईल."

"मग मी का सोडू?" त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाचं आहे ते."

घर घेणारा तरुण उठून गॅलरीत गेला. त्याच्या मनात ८८ हजारांचा आकडा असणार, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याने मुदतीच्या आत सगळे केले होते. मी बाहेर जाऊन त्याला एवढेच सांगितले की आज आजींना मनवून घेतलेली सही उद्या दिवाणी न्यायालयात त्याच्याच घरावर दावा होऊन येऊ शकते, आणि तेव्हा ८८ हजार फार थोडे वाटतील. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मॅडम, त्यांना जे हवंय ते होऊ द्या. आम्ही थांबतो."

आत आजी सुनेशी बोलत होत्या. त्यांनी दवाखान्याचे तीन लाख हा विषय स्वतःहून काढला, आणि त्या घरात चार महिने कोणी मोठ्याने न उच्चारलेला तो आकडा सर्वांसमोर आला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी विसरले नव्हते. माझ्याकडे नव्हतेच हो." दिरांना त्यावर काही बोलता आले नाही. मग आजींनी आपला हिशेब सांगितला. सात लाख त्यांच्या नावावर, औषधपाण्याला कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. तीन लाख धाकट्याचे धाकट्याला. बाकीचे बारा लाख सुनेचे. "पण सही मी विकणारी म्हणून करीन," त्या म्हणाल्या. "सोडणारी म्हणून नाही."

कायद्याच्या दृष्टीनेही हा मार्ग अधिक सरळ होता. हक्कसोडपत्र बाजूला ठेवले. वकिलांनी करारनाम्यात लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून चौघांची नावे घातली, आजींना दहा लाख त्यांच्याच खात्यात आणि उरलेले ७८ लाख वहिनींच्या खात्यात द्यावेत यास चौघांची संमती असल्याचे कलम जोडले, आणि घेणाऱ्याच्या बँकेतल्या अधिकाऱ्याला फोनवर वाचून दाखवले. नवा मसुदा छापायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभे राहावे लागले, कारण त्या दिवशी त्या दुकानात आमच्यासारखेच आणखी लोक होते. संध्याकाळी करारनामा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला गेला. वहिनी, मुलगा, मुलगी यांच्या सह्या झाल्यावर आजींनी चष्मा पुसून प्रत्येक पानावर सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले. कोणी त्यांना घाई केली नाही.

अजून परिचारिकेची सही बाकी होती आणि तिची पाळी रात्री आठला संपत होती. महापालिका क्षेत्रात २२ डिसेंबरपासून रात्री अकरानंतर संचारबंदी होती. आम्ही गाडीने थेट तिच्या रुग्णालयाच्या फाटकाशी गेलो. तिने आजींच्या कलमाचा परिच्छेद आधी वाचला, नवऱ्याला दोन प्रश्न विचारले आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या. साडेनऊच्या सुमारास दस्त पूर्ण झाला.

फेब्रुवारीत नोंदणी झाली. आजींना गाडीने कार्यालयात आणले. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला पटकन लागेनात, ओल्या कापडाने पुसून पुन्हा पुन्हा घ्यावे लागले. बँकेने कर्जाची रक्कम दिली तेव्हा आजींच्या नावाचा धनादेश वेगळा निघाला आणि तो बँकेत भरायला दीर आणि वहिनी दोघेही त्यांच्याबरोबर गेले. डोंबिवलीच्या घराचा विक्रेता एव्हाना अधीर झाला होता आणि त्याने दर वाढवून मागितला, पण विसार पावतीवर ठरलेली रक्कम लिहिलेली असल्याने ४६ लाखांवरच व्यवहार झाला. शुल्काची सवलत ३१ मार्चला संपायची होती. वहिनींचा दस्त त्याच्या आठवडाभर आधी नोंदला गेला, आणि त्यात त्यांनी मुलाबरोबर मुलीचेही नाव घातले.