अंतूरच्या वाटेवरचा दीड किलोमीटर आणि आमची जुनी फोर बाय फोर

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) घ्यायला निघाला असाल तर पैसे मोजायच्या आधी गाडीखाली आडवे व्हा. कपडे मळले तर मळू द्या. मी झालो नाही, म्हणून २ ऑक्टोबरला कन्नड तालुक्यात नागापूरच्या पुढे, अंतूर किल्ल्याच्या वाटेवर, काळ्या रानात, आई, बायको आणि दोन पोरांसकट चार तास अडकून पडलो. सहल तीन दिवसांची होती, पण लिहिणार आहे ते मुख्यतः या दीड किलोमीटरबद्दल. वेरूळ-अजिंठ्याचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळेल.

आधी गाडीचं. रोज बीड ते गेवराई जाणं-येणं, म्हणजे ७० किलोमीटरच्या आसपास हायवे. घरात पाच माणसं, त्यात आईचे गुडघे दुखतात. गावाकडच्या वावराला जाणारी पांदण जूनपासून दिवाळीपर्यंत बंदच समजायची. आणि मला किल्ल्यांची हौस. एकाच गाडीत हे सगळं बसवायचं, तेही ८ लाखांच्या आत.

दोन महिने गाड्या पाहिल्या. स्पष्टच सांगतो. जुनी थार, म्हणजे २०२० च्या आधीची, कुटुंबासाठी घेऊ नका. मागे समोरासमोर बाकं आहेत, दार पाठीमागून; आईला त्यात चढवून १०० किलोमीटर नेणं हा अन्याय आहे. २०२० नंतरची तीन दारांची थार रस्त्यावर आणि चिखलात दोन्हीकडे छान, पण मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, आणि बसणार चौघेच. जिमनीही चौघांचीच. वजनाला १,२०० किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात ती भारी गाड्यांपेक्षा कमी खचते, पण मागे २०८ लिटर जागा म्हणजे दोन बॅगा आणि पाण्याचा कॅन, संपलं. नवराबायको आणि एक मूल असेल तर डोळे झाकून घ्या. जिप्सीचं ज्यांना वेड आहे त्यांनी घ्यावी, पण रोजच्या ७० किलोमीटरला पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली पेट्रोल गाडी नको. गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा डबा) लॉक आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवता येतात, रानात तिला तोड नाही, पण ऑफिसला जायची गाडी ती नव्हे. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह हायवेला सगळ्यात आरामदायी वाटली. लो रेंज (चढ-चिखलासाठीचे हळू, जास्त ताकदीचे गिअर) नाही तिला, म्हणून मुरमाड रस्त्यापुरतीच धरा. सफारी स्टॉर्म फोर बाय फोर आईला सगळ्यात आवडली. मला बरी अशी एकही मिळाली नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या गाड्यांची साध्या टू व्हील ड्राइव्हची मॉडेलं बाजारात कितीतरी पट जास्त आहेत, आणि मागच्या दारावर 'फोर बाय फोर' अशी पट्टी कुणीही चिकटवतं. आरसीवर मॉडेलच्या रकान्यात फोर डब्ल्यूडी लिहिलंय का ते बघा.

शेवटी संभाजीनगरातल्या एका विक्रेत्याकडे २०१६ ची स्कॉर्पिओ एस१० फोर व्हील ड्राइव्ह दिसली. आरसीवर बरोबर नोंद होती. टायर चांगले, इंजिन तर आजही तक्रारीला जागा ठेवत नाही. मी विचारलं, फोर व्हील चालतं का? त्यानं गोल नॉब फिरवला, डॅशबोर्डवर दिवा लागला. मग फोर लो (चारही चाकं, लो रेंज) टाकून आवारातल्या सिमेंटच्या चढावर गाडी मुंगीसारखी चढवून दाखवली. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी टोकन दिलं. सौदा ७ लाख ४० हजारांत ठरला.

नंतर कळलं ते आत्ताच सांगतो. दिवा ट्रान्सफर केसकडून, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याकडून येतो, चाकाकडून नाही. आणि लो रेंजमध्ये गाडी नुसत्या मागच्या चाकांवरही सावकाश चढते, कारण गिअर खाली येतो आणि ताकद वाढते. त्या चढावर पुढची चाकं काहीच काम करत नव्हती. त्याला हे माहीत होतं असं माझं ठाम मत आहे.

पहिला दिवस बीड-संभाजीनगर-वेरूळ-म्हैसमाळ. रस्ता उत्तम, हवा उत्तम, पोरं खूश. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, एवढं पाहून निघा.

दुसऱ्या दिवशी कन्नडहून नागापूरला साडेनऊला पोचलो. तिथून अंतूर किल्ल्याकडे कच्चा रस्ता जातो. वाटेतला बराच भाग मुरमाड आहे, पावसातही चाक धरतो. मधे मात्र वावरांच्या कडेनं काळ्या मातीचा तो दीड किलोमीटरचा तुकडा लागतो. आदल्या रात्री हस्ताचा पाऊस झाला होता. गावात एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "गाडी चहू चाकांची हाय का?" मी अभिमानानं हो म्हणालो. ते म्हणाले, "तरी वाफसा होऊ द्या." म्हणजे मातीतलं जादा पाणी आटू द्या. मी ऐकलं नाही.

काळी माती शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला नवी नाही, पण पायानं तुडवणं वेगळं आणि १,८०० किलोच्या पुढची गाडी घालणं वेगळं. ही माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा पहिल्या ५० फुटांत भरतात, मग तो टायर राहत नाही, गुळगुळीत लाटणं होतं. त्यावर नवा थर बसतो, मडगार्डच्या आत माती दाटते आणि चाक तिथंच घासायला लागतं. त्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. ट्रॅक्टरचं पोट उंच असतं, आपल्या गाडीचं नसतं. चाकोरीत चाकं उतरली की मधला उंचवटा डिफरन्शियलला लागतो आणि गाडी पोटावर बसते. आमची अशीच बसली. फोर एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाकलं, दिवा लागला. फोर लो टाकलं, दिवा लागला. मागून चिखल उडत राहिला आणि क्लचचा जळका वास यायला लागला. तो वास आला की थांबायचं, त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न तुमच्या खिशातून जातो.

आई म्हणाली, "मला उतरू दे, गाडी हलकी होईल." तिला धरून बांधावर बसवलं. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल आतच राहिली. तेवढ्यात शेजारच्या कपाशीतून एक तरुण शेतकरी आला, दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पुढचं चाक तं फिरतंच नाही." मला पटेना. मी बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि पुढच्या चाकाशी वाकलो. टायरच्या चिखलात कपाशीचं एक पिवळं पान अडकलं होतं. बायकोनं क्लच सोडला, इंजिन ओरडलं, मागून चिखल उडाला. पान होतं तिथंच होतं. तीनदा पाहिलं. जरासुद्धा हललं नाही.

ट्रॅक्टर मिळायला दोन तास गेले. ज्याचा होता तो दुसऱ्याच्या रानात कामावर होता, काम टाकून आला. ४,००० मागितले, २,५०० वर ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या दोराबद्दल. बाजारातून घेतलेला नायलॉनचा दोर पहिल्या झटक्यात तुटला आणि त्याचं टोक काचेवर आदळलं. पोरं लांब बांधावर होती म्हणून बरं. ओढताना माणसं दोराच्या लांबीच्या दुप्पट तरी दूर हवीत. दोर चेसीच्या हुकालाच बांधा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना कधीही नाही. चांगला टो पट्टा (गाडी ओढायचा) आणि दोन डी शॅकल (जोडायच्या कड्या) घेतल्याशिवाय असल्या वाटेला जाऊ नका. फावडं तर हवंच. पोटाखालचा उंचवटा आधी खणून काढला असता तर ट्रॅक्टरला निम्मी ताकद लागली असती.

त्या दिवशी अंतूर झालं नाही. तिसऱ्या दिवशी हळद्याचा घाट उतरून वेताळवाडी, सोयगाव, मग अजिंठा. सगळं नीट झालं.

बीडला आल्यावर मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावलं. ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जो शाफ्ट असायला हवा, तो नव्हताच. डिफरन्शियलच्या तोंडाशी चार बोल्टांची छिद्रं, त्यांत वाळलेला चिखल आणि जुनं ग्रीस. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस झिजले की गाडी धडधडते. ते बदलण्याऐवजी काही जण शाफ्टच काढून टाकतात आणि गाडी विकून मोकळे होतात. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "जशी आहे तशी दिली." जुना शाफ्ट शोधून, नवे क्रॉस घालून, पुढच्या डिफरन्शियलचं तेल बदलून मला १६,५०० खर्च आला. वर पुन्हा नवीन क्लच प्लेट, तिचे वेगळे.

म्हणून गाडी बघताना काय करायचं ते सांगतो. खाली आडवं होऊन पुढचा शाफ्ट डोळ्यानं बघा. तो हातानं हलवून क्रॉसमध्ये ढिलाई आहे का पाहा. मग गाडी मुरमाच्या मोकळ्या जागेवर न्या, फोर एच टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. कुणी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडखळली तर पुढची चाकं काम करताहेत. लोण्यासारखी फिरली तर संशय धरा. ही चाचणी डांबरावर करायची नाही. गरजेपुरती चारही चाकं जोडणाऱ्या या पार्ट टाइम पद्धतीत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नसतं आणि वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मुरमावर ती घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर सगळा ताण गिअरांवर येतो. याच कारणानं हायवेला पाऊस पडला म्हणून उगाच फोर एच टाकून चालवू नका, आणि चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले ठेवा.

तरीही खात्री नसेल तर इंजिन चालू असताना नॉब फोर एचवर घ्या, मग इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. फिरलं नाही तर जोड शाबूत आहे. सहज फिरलं तर शाफ्ट, हब (चाकाजवळचा जोड) किंवा ट्रान्सफर केस, कुठं तरी साखळी तुटली आहे. विक्रेता जॅक लावू देत नसेल तर उठून चालू लागा. दुसरी गाडी मिळते.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी बघा. ई-चलन बाकी असतील तर सौद्याआधी भरून घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतील. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. त्यांची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर या खेपा घालायची तयारी असेल तरच हात लावा. मी लावला नसता. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवली आहे का तेही विचारा.

पंधरा दिवसांनी भावाला घेऊन परत नागापूरला गेलो. दोन दिवस आधी पाऊस होऊन गेला होता, वर पापुद्रा धरलेला, आत ओल. म्हणजे वाफसा अगदी काठावर. तुकड्याच्या अलीकडे मुरमावर थांबून फोर लो टाकलं, सेकंड गिअर, चाकं चाकोरीच्या दोन्ही कडांवर ठेवली आणि मधे कुठंही थांबलो नाही, रेसही वाढवली नाही. ज्या जागी आई बांधावर बसली होती ती जागा खिडकीतून मागे गेली तेव्हा आम्ही दोघं भाऊ ओरडलो. पुढची चाकं ओढत होती, ते स्टिअरिंगमध्ये हाताला कळत होतं! रोजच्या हायवेला हीच गाडी लिटरला साडेअकरा-बारा देते, आई पायरीवर पाय ठेवून स्वतः चढते. आता कुणी विचारलं तर मी हीच घ्या म्हणेन, शाफ्ट बघून.

किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला फारसी लेख कोरलेला दिशादर्शक दगड आहे, तो चुकवू नका. हा सगळा भाग वनखात्याचा आहे, गौताळा औट्रमघाट अभयारण्य लागूनच. गाडी रस्ता सोडून गवतात घालायची नाही. वर पाण्याची सोय धरू नका, माणशी ३ लिटर न्या. दुपारी ३ च्या आत परत फिरा. तो तुकडा अंधारात ओलांडू नये, आणि ट्रॅक्टरवाले संध्याकाळी रानातून घरी गेलेले असतात. लागलाच तर गावात पारावर विचारा, येतात. दोर मात्र आपलाच न्या.