आईच्या डब्यातली हळद

आईच्या दुसऱ्या केमोनंतर मावशी हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आली. "रोज दोन घे ताई, आतली सूज उतरते, प्रतिकारशक्ती वाढते." तिचा सगळा जीव आईत अडकलेला. मी बाटली कपाटात ठेवली आणि रात्री वाचायला बसले.

मावशी काही खोटं बोलत नव्हती. कॅन्सरच्या गाठीभोवती दाह धुमसत असतो. जखम भरायला शरीर जे संदेश सोडतं, त्यांचाच फायदा गाठ घेते, रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढते, प्रतिकारपेशींना दबवून ठेवते. हा दाह पेटवणारी एनएफ-कप्पा-बी नावाची प्रथिनं पेशीत असतात आणि हळदीतलं करक्युमिन त्यांना आवरतं. पण हे दिसलं ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींत. माणसाच्या पोटातून ते रक्तात फारसं पोचतच नाही.

म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपरिन घालतात. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम करक्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तर शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं. मला धडकी भरली ती इथे. पिपरिन हे साधतं ते औषधं निकामी करणाऱ्या यकृताच्या यंत्रणेला अडवून, आणि त्याच यकृतातून आईची केमो जाते. शिवाय 2002 सालचा उंदरांवरचा एक अभ्यास सापडला: आहारात करक्युमिन असताना सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाने गाठ आकसण्याचं प्रमाण घटलं. आईला केमोच्या लाल रंगाच्या औषधासोबत सायक्लोफॉस्फामाइडच चालू होतं. उंदीर म्हणजे आई नव्हे, कबूल. तरी माझा हात त्या बाटलीकडे गेला नाही.

ओपीडीत बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवली. "जेवणातली हळद खुशाल खाऊ दे. कॅप्सूल बंद. आणि असलं काहीही सुरू करण्याआधी मला दाखवत जा." त्यांनी यकृताची तपासणीही लिहून दिली. ती नॉर्मल आली.

मावशीला सांगताना जीभ जड झाली होती. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "मग हळकुंडं तरी चांगली आणू." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लालबागला गेलो, सांगलीची हळकुंडं घेतली, डंकावर समोर उभं राहून कुटून घेतली.

तिसऱ्या केमोनंतर आईच्या तोंडाची चव गेली होती. मावशीने मुगाचं पातळ वरण केलं, चिमूटभर हळद घालून. आईने चार चमचे खाल्ले आणि मीठ मागितलं.