वेंगुर्ला ते मालवण छोट्या मोटरबोटीतून: जायच्या आधी परतीचं बघा

बेळगावचा समुद्र म्हणजे वेंगुर्लाच. हिंडलग्याकडून जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोडच म्हणतो. त्यामुळं 18 फुटी फायबरची बोट आणि 40 एचपीचं इंजिन घेतल्यावर पहिली लांबची फेरी तिथूनच करायची, हे ठरलेलंच होतं. ट्रेलर लावून आंबोली घाट उतरायचा तर रात्री नको, आणि गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. मी आणि भावजी आदल्या दिवशी उजेडातच खाली पोचलो.

वेंगुर्ल्याहून मालवण समुद्रानं सुमारे 16 सागरी मैल. 12 नॉटनं, म्हणजे ताशी 12 सागरी मैलांनी गेलो तर दीड तासात पोचतो. डिसेंबरच्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, त्यामुळं किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं. दाभोली, केळूस, खवणे मागं पडले, निवतीचा किल्ला उजव्या हाताला आला, डावीकडं दूरवर वेंगुर्ला रॉक्सचा दीपस्तंभ दिसला. किनाऱ्यापासून मैलभर बाहेर राहिलो, कारण आत रापणीची, म्हणजे काठावरून ओढायची मोठी जाळी असतात. जाळ्याचे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) दिसले की वेग कमी करून बाहेरून वळसा घाला. दोर पंख्यात गेला की इंजिन जागेवर बंद पडतं.

मालवणात शिरताना मात्र शहाणपणा चालत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. पहिल्या वेळी तिथल्या तांडेलाला (होडी चालवणाऱ्या मुख्य कोळ्याला) पैसे देऊन वाट दाखवायला घ्या. मी घेतला. त्यानं सांगितलेली वळणं जीपीएसवर नोंदवून ठेवली, तीच आता माझी वाट.

चूक पुढं झाली. परत 10 वाजता निघायचं होतं. पेट्रोलचे कॅन गावातून आणण्यात आणि जेवणात साडेबारा वाजले. तोवर वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, चढला होता. लाटा मागून येत होत्या. प्रत्येक लाट बोटीची शेपटी उचलायची आणि नाक आडवं फिरायला बघायची. अशा वेळी लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगानं जायचं, शिखर ओलांडून पुढं झेपावायचं नाही, हे मला हातानं शिकावं लागलं. भावजींना उलट्या सुरू झाल्या.

नकाशात देवबागला कर्ली खाडीचं मुख दिसतं. वाटलं, आत शिरू, शांत पाणी मिळेल. जवळ गेलो तर मुखावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरा फेस. त्या दिवशी त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते: 13 ची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. म्हणजे एक वाजता ओहोटी जोरात, खाडीचं पाणी बाहेर धावतंय, समोरून लाटा आत येतायत, खाली वाळूचा दांडा. तिथं छोटी बोट आडवी झाली की उलटते. हा दांडा जागा बदलतो, म्हणून जुना नकाशा कामाचा नाही. भावजी म्हणाले, "वळवा, आत नको." मी बोट बाहेर काढली.

निवतीच्या डोंगराला वळसा घातला आणि दक्षिणेला गेलो, तसा वारा एकदम अडला. नांगर टाकला. शेजारच्या होडीतले काका ओरडले, "वारो पडांदे, मगे जावा." पाच वाजता निघालो, अंधार पडायच्या आत वेंगुर्ल्यात.

म्हणून नवख्यांनो, आदल्या रात्री कागदावर प्रत्येक टप्प्यापुढं लिहा: वायव्येचा वारा सुटला तर कुठल्या डोंगराआड थांबायचं. खाडीचं मुख आसरा म्हणून धरायचं असेल तर भरती चढतानाच. पेट्रोलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव, आणि राखीवला हात नाही. अंगात लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पहाटे पुन्हा बघा. व्हीएचएफ रेडिओवर 16 नंबरचा, संकटात हाक मारायचा चॅनेल लावून ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर 1554. काठावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून जा. पावसाळ्यात तर बोट पाण्यात घालूच नका.

घरी आल्यावर इंजिन गोड्या पाण्यानं दहा मिनिटं धुवा, कितीही दमला असाल तरी. आम्ही वडगावात रात्री अकराला पोचलो आणि आधी नळाला पाईप लावला. पुढची फेरी निवतीपर्यंतच, आणि दहाला परत.