एक पिशवी ठेवून द्या, मॅडम

रक्तपेढीत लोक येतात ते एक तर रक्त द्यायला, नाहीतर न्यायला. ठेवायला कुणी येत नाही. गेल्या हिवाळ्यात दोघे आले ते ठेवायला.

त्या दिवशी एका दादांच्या वाढदिवसाच्या शिबिरातून गाडीभर पिशव्या आल्या होत्या आणि मी त्यांच्या नळ्या सील करत बसले होते. (वाढदिवसाला एवढं रक्त जमतं की फ्रिजमध्ये जागा उरत नाही, आणि मे महिन्यात थॅलेसेमियाच्या मुलांसाठी आम्ही जुन्या दात्यांना फोन करत बसतो. दादांनी जरा उन्हाळ्यात जन्म घ्यायला हवा होता.) पन्नाशीचे एक सर आणि त्यांच्यामागे तेविशीतला एक काटक पोरगा. पोरगा पोलीस भरतीची तयारी करता करता लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळलेला. बक्षिसाच्या पैशावर मेसचं बिल भागवणारी बरीच मुलं आमच्या भागात आहेत, त्यातलाच एक.

"मॅडम, याची एक पिशवी काढून ठेवायची. महिन्याभरानं शर्यत आहे. आदल्या दिवशी परत चढवायची. याचंच रक्त, यालाच. कुणाचं काय जातं?"

मी म्हणाले, जातं. लाल पेशी वाढल्या की शरीराला ऑक्सिजन जास्त मिळतो, म्हणून शर्यतीसाठी स्वतःचं रक्त परत चढवणं हे डोपिंगच आहे. आणि आमच्याकडे स्वतःसाठी रक्त साठवतात ते ऑपरेशनसाठी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच.

सर तयारीनं आले होते. "विरेन माहीत आहे का? फिनलंडचा लासे विरेन. तोसुद्धा पोलीस शिपाईच होता. १९७२ म्युनिक, दहा हजार मीटर. निम्मी शर्यत व्हायच्या आत पडला, उठला आणि जिंकला. तेही विश्वविक्रमासह."

मला माहीत होतं. २७ मिनिटं ३८.४ सेकंद. नंतर पाच हजारही त्यानंच मारली. चार वर्षांनी मॉन्ट्रियलला दोन्ही पुन्हा, आणि वर मॅरेथॉनमध्ये पाचवा. मधल्या काळात मात्र हा माणूस साधाच. १९७४ च्या युरोपियन स्पर्धेत पाच हजारात ब्राँझ, दहा हजारात सातवा. ऑलिंपिक आलं की अंगात येतं, एरवी नाही, यावरूनच लोक रक्ताबद्दल बोलू लागले. त्यानं ते कायम नाकारलं. गुपित विचारलं की रेनडिअरचं दूध म्हणून हसायचा. सिद्ध कधीच काही झालं नाही.

"सिद्ध झालं नाही, म्हणजे केलंच नाही असं नाही," सर म्हणाले. पोरासमोर हे बोलताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

या विषयात लोक विरेनची पदकं मोजतात. मी फ्रिजकडे बघते. एक पिशवी काढली की एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, पडतो आणि तो पुन्हा मूळ जागी यायला दीड-दोन महिने जातात. आज आमच्या सीपीडीए पिशवीतलं (रक्त गोठू न देणारं द्रावण घातलेली पिशवी) रक्त दोन ते सहा अंशांवर ३५ दिवस टिकतं. १९७२ मध्ये ही मुदत होती २१ दिवस. म्हणजे पिशवी फेकायची वेळ येते तेव्हा धावपटूचं शरीर अजून तूट भरून काढत असतं. तेव्हा रक्त परत दिलं तर तो साधारण निघाला तिथेच येऊन पोहोचतो. सुरुवातीच्या काही प्रयोगांत फायदा दिसलाच नाही, तो याच हिशेबामुळे. स्टॉकहोममध्ये एकब्लोम नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं की ८०० मिलीलीटर रक्त काढून महिन्याभरानं परत दिलं तर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. पण ते विद्यार्थी होते. मुरलेल्या धावपटूंवरचा नीट प्रयोग १९८० चा, कॅनडातला. तिथे रक्त गोठवलेलं होतं आणि फायदा पाच टक्के.

गोठवणं म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. पेशींमध्ये ग्लिसरॉल घालायचं तेसुद्धा हळूहळू, पिशवी हलवत, नाहीतर पेशी फुटतात. मग उणे ऐंशी. असं ठेवलं तर रक्त दहा वर्षं टिकतं. परत हवं असेल तेव्हा कोमट पाण्यात वितळवायचं आणि मिठाच्या द्रावणानं धूत धूत सगळं ग्लिसरॉल बाहेर काढायचं: आधी तीव्र द्रावण, मग सौम्य, मग आणखी सौम्य. घाई केली की पिशवीत लाल पाणी. शिवाय धुतल्यावर ती पिशवी चोवीस तासांत वापरावी लागते. हे घरच्या डीप फ्रिजमध्ये होत नाही. याला यंत्र लागतं, हात बसलेला माणूस लागतो आणि कुणाची तरी सही लागते. म्हणजे त्या काळी ज्यानं कुणी हे नीट केलं असेल, त्याच्यामागे पांढऱ्या कोटातला माझ्यासारखा कुणीतरी उभा होता. संशयाच्या यादीत धावपटूंची नावं येतात, त्या कोटाचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

विरेनचा देशबांधव कार्लो मानिंका. १९८० मॉस्को, दहा हजारात रौप्य, पाच हजारात ब्राँझ. आपण रक्त चढवून घेतलं होतं हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. पदकं त्याच्याकडेच राहिली, कारण तेव्हा नियमच नव्हता. बंदी आली १९८४ च्या लॉस एंजेलिसनंतर. तिथे अमेरिकन सायकलपटूंनी हॉटेलच्या खोलीत रक्त चढवून घेतलं होतं, काहींनी तर नातेवाइकांचं, म्हणजे वाट पाहायचीही गरज नाही. त्याच लॉस एंजेलिसमध्ये फिनलंडच्याच मार्ती वाइनियोचं दहा हजारातलं रौप्य गेलं, ते स्टेरॉइड सापडलं म्हणून. ते त्याच्या साठवलेल्या रक्तातूनच परत अंगात आलं असं मानलं जातं. हे मी आमच्या नव्या मुलांना नेहमी सांगते. पिशवी काही विसरत नाही. दात्यानं त्या दिवशी जे घेतलं असेल ते तिच्यात असतं.

यातलं निम्मं मी सरांना ऐकवलं. वाद वाढला असता, पण मधेच माझं लक्ष पोराकडे गेलं. सवयीनं मी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. पांढरी.

"बोट दे."

एचबीचं यंत्र शिबिराच्या गाडीसोबत गेलं होतं, म्हणून मोरचुदाचं द्रावण काढलं. १.०५३ घनतेचं निळं पाणी, त्यात वरून रक्ताचा एक थेंब सोडायचा. एचबी साडेबाराच्या वर असेल तर थेंब पंधरा सेकंदांत तळाला जातो. या पोराचा थेंब मध्यावर गेला, थबकला आणि परत वर आला. मी दुसरा सोडला. तोही तसाच. पोरगा ग्लासात वाकून बघत होता. म्हणाला, "मॅडम, हे चांगलं का वाईट?"

नळीत रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. एचबी ११.४. आता लांब पळणाऱ्यांचा एचबी थोडा कमी दिसतोच, कारण सरावानं रक्तातलं पाणी वाढतं, ते आजारपण नव्हे. पण पेशीही बारीक होत्या आणि दुसऱ्या दिवशी फेरिटिन आलं ९. लोहाचं कोठार रिकामं. आठवड्याला शंभर किलोमीटर डांबरी रस्त्यावर, तळपाय आपटून थोड्या पेशी फुटतातच, मेसचं जेवण आणि जेवणावर लगेच चहा. आणि याची एक पिशवी काढून ठेवायला हे निघाले होते. दोन वर्षं फाइलमध्ये प्रत्येक किलोमीटरची वेळ लिहिणाऱ्या सरांनी शंभर-दीडशे रुपयांची तपासणी एकदाही करून घेतली नव्हती.

याच फिनलंडमध्ये ईरो मँतिरांता नावाचा स्कीपटू होऊन गेला. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं. त्याचा एचबी इतका जास्त की वर्षानुवर्षं लोक रक्ताचाच संशय घेत. १९९३ मध्ये कळलं की त्याच्या घराण्यातच एका जनुकातला बदल आहे, लाल पेशी जन्मतःच जास्त. नुसता आकडा बघून काही सांगता येत नाही ते असं. म्हणून तर २००९ पासून खेळाडूचा जैविक पासपोर्ट आला: माणसाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी. स्वतःचंच रक्त परत घेतलं असेल तर ते थेट पकडणारी मान्यताप्राप्त चाचणी आजही नाही. विरेनच्या वेळी तर काहीच नव्हतं. त्यामुळे तो दोषी की निर्दोष यावर कुणी पैज लावायला लागलं की मी उठून चहाला जाते.

पोराला फिजिशियनकडे पाठवलं. लोहाच्या गोळ्या, चहा जेवणापासून दोन तास लांब, तीन महिन्यांनी परत तपासणी. गोळ्यांना बंदी नाही हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण तो घाबरला होता. जाता जाता हळूच विचारलं त्यानं, "किडनीवाल्यांना लाल पेशी वाढवायला देतात ते इंजेक्शन असतं ना, त्याचं काय?" म्हणजे सरांच्या फाइलमध्ये पुढचं पानही होतं. मी त्याला सांगितलं, ते लघवीत सापडतं.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. चार दिवसांनी सरांचा फोन.

"मॅडम, आता तर तुम्हीच म्हणता ॲनिमिया आहे. मग उपचार म्हणून एक पिशवी चढवता येईल ना? चिठ्ठी आणतो डॉक्टरांची."

मी म्हणाले, सर, धडधाकट माणसाला रक्त चढवायचं ते एचबी सातच्या खाली गेल्यावर. अकराला नाही.

"माझ्या मेहुणीला दहा असताना चढवलं. पिशवी तुमच्याच पेढीतून आणली होती, मीच आलो होतो."

आले असतील. अशा चिठ्ठ्या आमच्याकडे रोज येतात. ऑपरेशनआधी एक चढवून घ्या, जरा तरतरी येते. रक्त म्हणजे टॉनिक ही समजूत गावातल्या लोकांची नाही, चांगल्या शिकलेल्या सर्जनांची आहे. आम्ही क्रॉसमॅच करतो, म्हणजे रक्त जुळतं का ते बघतो, आणि पिशवी देतो. सरांना त्या दिवशी मी फोनवर काय उत्तर देणार होते?

चिठ्ठी अजून आलेली नाही. आली तर नळी लावण्याआधी मी त्या डॉक्टरांना फोन करणार आहे. ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: "सिस्टर, रक्त शिल्लक आहे ना? मग द्या की." मी सिस्टर नाही, तंत्रज्ञ आहे, हे त्यांना पुन्हा एकदा सांगावं लागेल.